राख कशाची?

कोळशाची भुकटी घातलेली साधी वडीही हल्ली ‘आफ्रिकन काळा साबण’ म्हणून विकली जाते. मूळ साबण वेगळा आहे. नायजेरियातले योरुबा लोक त्याला ओसे दुदू म्हणतात; घानातही तो पिढ्यान्‌पिढ्या होतो. भाजीच्या केळ्यांच्या साली आणि कोकोच्या फळांची टरफलं वाळवून जाळायची, राखेतून पाणी गाळून घ्यायचं आणि त्यात पामचं किंवा पामच्या बियांचं तेल घालून तासन्‌तास ढवळत शिजवायचं, अशी त्याची रीत. हाती येतो तो तपकिरी, मऊ, ओबडधोबड गोळा. रंगावरून त्याची परीक्षा होत नाही, कारण काळेपणा कोळशानेही आणता येतो. दौंड तालुक्यातल्या भांडगावात हा साबण करू पाहणारे बहुतेक जण आधी तेलाची चौकशी करतात. माझ्या मते चौकशी राखेची करायला हवी, कारण साबण कसा होणार, कसा टिकणार आणि कसा वापरायचा, हे सगळं तिथे ठरतं.

तेलाचा प्रश्न लवकर सुटतो. पामच्या बियांच्या तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, आपल्या खोबरेलातही तेवढंच, म्हणून खोबरेल चालतं. शिया बटर घालायचं असेल, तर त्याची जागा कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, चांगली घेतं. राखेचं तसं नाही. हा परिसर उसाचा, दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ, त्यामुळे चुलवाणाची राख ढिगाने मिळते आणि तीच फुकटची सोय वाटते. पण चिपाडाच्या राखेत मुख्यतः सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. साबणाला लागतो तो पोटॅशियमचा क्षार तिच्यात थोडाच. शिवाय चुलवाणात प्लास्टिक किंवा टायर जळत असतील, तर त्या राखेला हातही लावू नये. सरपणाच्या राखेत क्षार असतो, पण तिचा मोठा भाग कॅल्शियमचा, पाण्यात न विरघळणारा. खरी राख केळीची. घड उतरवल्यावर शेतात पडणारं खोड पोटॅशने भरलेलं असतं. करमाळा-टेंभुर्णीच्या पट्ट्यात अशा खोडांना तोटा नाही. अडचण एवढीच, की खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. चिरून कडक उन्हात वाळवल्याशिवाय ते जळत नाही, आणि मोठ्या ढिगातून राख निघते ती मूठभर.

ही राख पावसाच्या पाण्यात भिजवून वरची निवळी घ्यावी. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम थोडा क्षार वाया घालवतो. निवळीत असतो पोटॅशियम कार्बोनेट. तो तेलातल्या मोकळ्या आम्लांशी जुळतो, पण ताज्या तेलाचा साबण करायला कमी पडतो. त्याला धार आणतो चुना. हिशेबाने १३८ ग्रॅम कार्बोनेटला ७४ ग्रॅम विझवलेला चुना लागतो आणि ११२ ग्रॅम दाहक पोटॅश मिळतो. खडू खाली बसतो. यात परकं काही नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय क्षारपाकाचाच आहे. राख सहापट द्रवात कालवून २१ वेळा गाळायची, आटवायची, भाजलेले चुनखडे आणि शंख घालायचे, आणि तयार क्षार लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवायचा, असं तो सांगतो. तिथे क्षार शस्त्रकर्मासाठी होता, साबणासाठी नव्हे. पण चुन्याने क्षार तीक्ष्ण होतो ही जाण तीच. भांडं लोखंडाचं किंवा स्टीलचंच हवं. ॲल्युमिनियमला ही निवळी खाते, आणि माणसाच्या डोळ्यालाही सोडत नाही. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय या कामाला बसू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: दुकानात शुद्ध दाहक पोटॅश मिळतो, त्याचं वजनही नेमकं करता येतं, मग राखेचा खटाटोप कशाला? आक्षेप वजनदार आहे. अंडं तरंगलं की निवळी तयार, या जुन्या परीक्षेवर माझा भरवसा नाही. ती पाण्याची घनता सांगते, क्षाराची ताकद सांगत नाही, आणि केळीच्या राखेतलं क्लोराइडही घनता वाढवतं. हळदीची कसोटीही इथे उपयोगी नाही. साध्या साबणानेही हळदीचा डाग लाल होतो, हे धुणं धुणारं कुणीही सांगेल. म्हणून प्रत्येक राखेचा आधी छोटा घाणा करावा आणि पीएच पट्टी लावून पाहावी. एवढं करूनही राखेचा साबण दुकानी पोटॅशच्या साबणापेक्षा जास्त मळ काढतो, असा दावा मी करणार नाही. माझा दावा एवढाच की शेतात कुजणाऱ्या खोडाला त्यातून मोल येतं, आणि राख न वापरता राखेचं नाव लावणं ही फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप त्वचेचा. या साबणाचा पीएच ९ ते १०, त्वचेचा साधारण ५. पण हे कुठल्याही खऱ्या साबणाचं आहे, एकट्या काळ्याचं नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून तो सौम्य, ही समजूत मात्र सोडायला हवी. गोळा थेट अंगावर घासू नये, त्यातली राखेची कणी ओरखडते. चिमूटभर घेऊन तळहातावर फेस करावा आणि तो लावावा. तान्ह्या बाळाला आणि फुटलेल्या त्वचेला तो नकोच.

मऊपणा हा दोष नाही, पोटॅशचा स्वभाव आहे. मीठ घालून साबण वडीसारखा कडक करता येतो, पण मग तो सोड्याचा होतो. पावसाळ्यात पोटॅशचा साबण गुळाच्या ढेपेसारखा पाझरतो, भांडगावच्या उन्हाळ्यात सुकून त्यावर पांढरी बुरशीसारखी साय येते. ती बुरशी नसते, साबण टाकून देऊ नका. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा, लागेल तेवढाच बाहेर काढावा.

विकायचा असेल तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे परवाना लागतो. लेबलवर तेलाची नावं तर लिहावीतच, पण करणाऱ्यांना माझी विनंती आहे की राख कशाची आणि चुना घातला की नाही, हेही लिहा. आणि घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.