मुकी झालेली किल्ली

श्रावणातल्या एका रविवारी आईला घेऊन मी कुंभोजच्या बाहुबलीस गेलो होतो. सांगलीहून तासाभराचा प्रवास; पण आईचे वय 78 असल्याने दर महिन्याचे जाणे आता वर्षातून एकदोनदाच घडते. 28 फुटी शुभ्र मूर्तीपुढे ती बराच वेळ बसून राहिली आणि आम्ही गाडीपाशी परतलो तेव्हा सूर्य बराच खाली आला होता. तिचा सूर्यास्तानंतर अन्नपाण्याचा त्याग आहे. घरी शोधून केलेल्या भाकरीचा डबा आणि गाळलेल्या पाण्याची कळशी गाडीच्या मागच्या आसनावर होती, काचेतून स्पष्ट दिसत होती, आणि किल्लीचे बटण दाबूनही गाडी ओ देत नव्हती.

पाचसहा वेळा दाबले. गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबले, उंच धरून दाबले. मग, माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केले. आमच्या दुकानातला जो तरुण गाडी चालवतो, त्याच्यावर सर्वांदेखत ओरडलो, "सकाळी पावसात किल्ली भिजवलीस ना?" तो काहीच बोलला नाही. त्याने माझ्या हातातून किल्ली घेतली, बाजूचा खटका सरकवला आणि तिच्या पोटातून एक साधी लोखंडी किल्ली बाहेर काढली. चालकाच्या दाराच्या मुठीला टोकाशी प्लास्टिकचे एक झाकण होते. ते अलगद उचकटून त्याखालच्या भोकात त्याने ती फिरवली. दार उघडले आणि त्याच क्षणी गाडीने असा काही आक्रोश मांडला की दर्शनाला आलेली मंडळी वळून पाहू लागली. आत बसून त्याने मेलेली किल्ली चालू करण्याच्या बटणाला टेकवली, ब्रेक दाबून बटण दाबले. भोंगा थांबला, इंजिन सुरू झाले. किल्लीत आणखी एक बारीक चिप असते आणि तिला स्वतःची बॅटरी लागत नाही, बटणाजवळ आणल्यावर गाडीच तिला वीज पुरवते, हे मला पुढे कळले. तीन वर्षे मी ही गाडी वापरतो आहे. त्या झाकणाखाली काय आहे हे मी कधी पाहिले नव्हते.

आई दाराशीच पाय खाली सोडून बसली आणि चार घास जेवली. पाणी पिऊन झाल्यावर तिने एवढेच विचारले, "त्याला काय म्हणालास रे तू?"

परतीच्या वाटेवर आठवले. दीड महिन्यापूर्वी गाडीच्या पडद्यावर किल्लीची बॅटरी संपत आल्याची सूचना येते, असे त्यानेच मला सांगितले होते. हळदीचा सौदा चालू होता. मी मान वर न करता "बघू" म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी बॅटरी आणली, तीही चुकीची. दुकानदाराने 2016 दिली आणि "दोन्ही एकच" म्हणाला. एकच नव्हेत. पहिले दोन अंक व्यास सांगतात, 20 मिलिमीटर. नंतरचे दोन जाडी. 2016 ची जाडी 1.6, आमच्या किल्लीला लागणाऱ्या 2032 ची 3.2. दाब दोन्हींचा 3 व्होल्टच, पण पातळ चकती पत्तीला नीट टेकत नव्हती. किल्ली चार वेळा चाले, पाचव्यांदा रुसे. वजनमापाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हे अंक वाचू नयेत! अखेर योग्य चकती आणली, आतल्या पत्त्या पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, अधिक चिन्हाची बाजू पाहून बसवली. जुन्या चकतीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ती नातवाच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवली. हे आवर्जून लिहितो, कारण लहान मुलाने अशी चकती गिळली तर ती अन्ननलिका काही तासांत जाळू शकते. तसे झाल्यास घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

किल्ली दुरुस्त झाली. माझे बोलणे तसेच राहिले. भाद्रपदात दशलक्षण पर्व आले आणि गेले. क्षमावाणीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे व्यापाऱ्यांना, अडत्यांना, पाहुण्यांना मोबाइलवरून उत्तम क्षमा पाठवली. दोनशेहून अधिक नावे असतील. त्यात दारात उभ्या असलेल्या माणसाचे नाव नव्हते, कारण तो आपला पाहुणा नाही, जैनही नाही.

संध्याकाळी दुकान बंद करताना मी त्याला थांबवले. शब्द जुळेनात. "बाहुबलीला तुला सगळ्यांसमोर बोललो, चूक माझीच होती. तू आधीच सांगितले होतेस," एवढे म्हणून मी हात जोडले. तो ओशाळला, दाराच्या कुलपाशी उगाच खटपट करीत राहिला. मग म्हणाला, "मालक, घरी कपाटात ती दुसरी किल्ली आहे ना, तिची बॅटरी कधी बघितलीय?"

बघितली नव्हती. रात्री काढून दाबली, तीही मुकीच निघाली.