तीन मुठी वाळू

बासरला येणारा माणूस सरस्वतीच्या दर्शनाला येतो. लेकरू मांडीवर घ्यायचे, नवी पाटी पुढे धरायची, अक्षराभ्यास करायचा आणि हळदीचा प्रसाद घेऊन धर्माबादची किंवा निजामाबादची गाडी पकडायची. पण या देवळाची जी कथा आमच्या भागात सांगतात ती युद्धापासून सुरू होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. कुरुक्षेत्रावरचे युद्ध संपले, व्यासांचे मन उद्विग्न झाले, शांती शोधीत ते गोदाकाठी आले. रोज नदीत स्नान करून तीन मुठी वाळू आणीत आणि त्या वाळूतून त्यांनी तीन देवींच्या मूर्ती घडविल्या. व्यासांचे ते ‘व्यासर’ आणि मराठी जिभेवर झाले ‘बासर’.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ मात्र १९९८ साली लागला.

त्या वर्षी ११ आणि १३ मे रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. पहिला दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. २८ मे रोजी पाकिस्तानने चागईच्या डोंगरात उत्तर दिले. गावात पेढे वाटले गेले. खोटे कशाला सांगू, एक पेढा मीही खाल्ला. रात्री झोप येईना. मी शिक्षक. दर ६ ऑगस्टला वर्गात हिरोशिमाचा धडा सांगणारा. आता त्या धड्याचे काय करायचे?

आम्ही पाच-सहा जण जमलो. दोघे मराठी शाळेतले, एक तेलुगू पंडित, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक किराणा दुकानदार. ठरले असे की ६ ऑगस्टला स्टेशनपासून घाटापर्यंत मूक फेरी काढायची. कोणत्याही पक्षाचा झेंडा नाही, भाषण नाही. परवानगीचा अर्ज पंडितांनी तेलुगूत लिहिला, त्याची मराठी नक्कल मी केली. कापडी फलकांना पैसे नव्हते. दुकानदार म्हणाले, “पाट्या आहेत की! बासरात पाट्यांना काय तोटा?” एका बाजूला मराठीत ‘युद्ध नको’, दुसऱ्या बाजूला तेलुगूत ‘युद्धम् वद्दु’. ‘वद्दु’ हा शब्द आमच्या बायकांना बाजारात भाजी नाकारताना रोजचाच, त्यामुळे कुणाला शिकवावा लागला नाही.

फेरीत चाळीसेक माणसे आली. अर्ध्या वाटेत पाऊस कोसळला. खडूची अक्षरे वाहून गेली आणि आम्ही कोऱ्या पाट्या उंच धरून घाटावर पोचलो. लोक हसले. आम्हीही हसलो.

पुढच्या वर्षी हसण्यासारखे काही उरले नव्हते. मे १९९९ मध्ये कारगिल पेटले. त्याच ११ मे रोजी संदीप पांडे आणि त्यांचे सहकारी अण्वस्त्रांविरुद्ध पोखरणहून सारनाथला पायी निघाले होते. सुमारे पंधराशे किलोमीटरची वाट, ६ ऑगस्टला पोचायचे. युद्ध सुरू झाले तरी ते चालत राहिले. ती बातमी वाचून आम्हीही ठरविले, फेरी निघणार.

जुलैत एका संध्याकाळी एक मावशी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांचा थोरला फौजेत होता. तीन आठवडे पत्र नव्हते.

“गुरुजी, लेकरू तिकडं बरफात आहे. तुम्ही इकडं पाट्या घेऊन फिरणार. त्याला कळलं तर काय वाटंल? गाव आपल्या पाठीशी नाही, असंच ना?”

मी त्यांना बरेच काही सांगू शकलो असतो. विनोबा १९५१ साली पवनारहून शिवरामपल्लीला पायी गेले ते आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यातून, हे सांगता आले असते. सतीशकुमार आणि मेनन हे दोन तरुण १९६२ साली दिल्लीहून निघाले आणि खिशात दमडी न ठेवता अणुबॉम्ब बाळगणाऱ्या चारही देशांच्या राजधान्यांपर्यंत शांतीचा निरोप घेऊन गेले, हेही. पण माझ्या घरातले कुणी फौजेत नव्हते. ज्याचे काही पणाला लागलेले नाही त्याने शांतीवर व्याख्यान द्यावे, आणि ते त्या बाईसमोर? मला शब्द फुटला नाही.

शेवटी मी एवढेच म्हणालो, “मावशी, तो सुखरूप यावा आणि पुन्हा कुणाला तसं जावं लागू नये, म्हणूनच निघतोय. तुम्ही नको म्हणाल तर थांबतो.”

त्या बराच वेळ गप्प होत्या. उठताना म्हणाल्या, “पाटीवर आधी जवानांचं लिवा. मग तुमचं.”

आम्ही तसेच केले. या खेपेला खडू वापरला नाही, पांढऱ्या रंगाने लिहिले. वरच्या ओळीत ‘आमची लेकरे घरी येऊ द्या’, खाली ‘युद्ध नको’. फेरीत मागल्या वर्षापेक्षा माणसे कमी होती. वाटेत दोघातिघांनी देशद्रोही म्हणून हाकही मारली. मावशी सगळ्यांच्या मागे, हाती पाटी न घेता, पदर डोक्यावर घेऊन चालत होत्या. घाटावर गोदामाई दुथडी होती. त्यांनी पायरीवर एक दिवा ठेवला. आम्ही कुणी काही विचारले नाही.

त्यांचा मुलगा दिवाळीला रजेवर आला. मला भेटला, हसला. फेरीविषयी तो बोलला नाही, मीही नाही.

आमच्या फेरीने काय झाले? सरकारचे काही हलले नाही. १९९९-२००० साली ४५,६९४ कोटी असलेली संरक्षणाची तरतूद पुढच्या वर्षी ५८,५८७ कोटी झाली. २०२५-२६ साली ती सहा लाख ऐंशी हजार कोटींच्या वर गेली. शेजारी बंदूक रोखून उभा असेल तर आपण रिकाम्या हाताने उभे राहावे, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण दोन्हीकडच्या बंदुका दरवर्षी लांबत असतील, तर त्यांची लांबी मोजायला कुणीतरी हवे, आणि ते काम सैनिकाचे नव्हे. ते मागे राहिलेल्यांचे.

आता आमचा जिल्हा निर्मल झाला, राज्य तेलंगण. पंडितजी आणि पोस्टमास्तर दोघेही गेले. मे २०२५ मध्ये चार दिवस पुन्हा सीमेवर आग बरसली, तेव्हा नातवाने विचारले, “आजोबा, तुमच्या त्या पाट्या कुठं आहेत?” माळ्यावरून काढल्या. बहुतेक फुटल्या होत्या. एकीवर ‘वद्दु’ एवढेच उरले होते.

तो तेलुगू माध्यमात शिकतो. त्याने वाचले आणि म्हणाला, “म्हणजे नको.”

६ ऑगस्टला आम्ही दोघेच घाटावर गेलो.