हात हट्टी नसतो!

आमच्या नळदुर्गात शेजारच्या आजोबांच्या अंगावरून वारं गेलं. डावी मूठ आवळलेलीच राहिली. नातू ती ओढून उघडायला बघायचा नि म्हणायचा, "हात हट्टी झालाय!" आजोबांचे डोळे भरून यायचे.

हात हट्टी नसतो हं! मेंदूला इजा झाली, की 'सैल हो' हा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, ते ताठरतात. 'टेन्स' हे बॅटरीवरचं लहानसं यंत्र कातडीवर चिकटवलेल्या चकत्यांतून मज्जातंतूंना विजेचे सौम्य ठोके देतं. मुंग्या आल्यासारखं वाटतं, ताठरपणा थोडा उतरू शकतो. मात्र डॉक्टरांचा सल्ला हवा आणि व्यायामाची जोडही हवीच.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर मूठ ओढू नका. शेजारी बसून व्यायामाचे आकडे मोजा. मोजायला आपलं माणूस असलं, की कंटाळा येत नाही.