चर्चच्या दप्तरातले परके

मूळचे कोण आणि बाहेरचे कोण, हा वाद मुंबईइतकाच लंडनलाही परिचयाचा आहे. लंडनमध्ये तो रंगतो तेव्हा एक चित्र न बोलता गृहीत धरले जाते: दगडी चर्च, भोवती दफनभूमी, आणि त्याच मातीत पिढ्यानपिढ्या जन्मलेली, तिथेच मेलेली माणसे. परदेशातून आलेल्यांनीच ही घडी विस्कटली, असे मग सहज म्हणता येते. माझे म्हणणे असे की, हे चित्र ज्या चर्चच्या भरवशावर उभे केले जाते, त्याच चर्चच्या दप्तरात ते टिकत नाही. इंग्लंडच्या पॅरिश चर्चमधले, म्हणजे त्या त्या वस्तीच्या स्थानिक चर्चमधले, जुने कागद स्थैर्यापेक्षा स्थलांतराचीच साक्ष देतात.

हे कागद भावनेपोटी जपलेले नाहीत, म्हणूनच त्यांच्या साक्षीला वजन आहे. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला. नोंद दर आठवड्याला करायची आणि वही कुलूपबंद पेटीत ठेवायची, असा दंडक होता. यामागे नवा कर येणार, अशी भीती लोकांना वाटत होती. १५९८ च्या आदेशाने जुन्या वह्या चर्मपत्रावर उतरवून घ्यायला लावले आणि दरवर्षी एक नक्कल बिशपकडे धाडणे सक्तीचे केले. स्ट्रॅटफर्डच्या वहीत शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची २६ एप्रिल १५६४ ही तारीख आज आपण वाचतो, ती अशाच उतरवलेल्या प्रतीत. पुढे १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर पक्की केली आणि त्याच पेटीत कुणाला किती पैसे, कपडे किंवा सरपण दिले याचे हिशेबही साठू लागले.

आता पुरावा पाहू. नॉटिंगहॅमशरमधल्या क्लेवर्थ गावच्या धर्मगुरूने १६७६ आणि १६८८ मध्ये गावातल्या माणसांच्या याद्या केल्या. इतिहासकार पीटर लॅसलेट यांनी त्या ताडून पाहिल्या, तेव्हा पहिल्या यादीतली सुमारे ६० टक्के माणसे बारा वर्षांनी गावात नव्हती. काही मेली होती, पण बरीचशी निघून गेली होती. याचे कारण इंग्लंडच्या घडणीतच होते. तरुण मुलेमुली घर सोडून दुसऱ्यांच्या घरी किंवा शेतावर वर्षाच्या कराराने चाकरीला राहत आणि करार संपला की पुष्कळदा मालक आणि गाव दोन्ही बदलत. लंडनची गोष्ट तर याहून ठळक आहे. सतराव्या शतकात शहरात बाप्तिस्म्यांपेक्षा दफनेच जास्त होत, तरीही १६०० च्या सुमारास दोन लाखांच्या घरात असलेली वस्ती शतकअखेर पाच लाखांपलीकडे गेली. बाहेरून माणसे येत राहिली नसती, तर हे शहर वाढण्याऐवजी ओसरले असते. येणाऱ्यांत दूरचेही होते. २२ डिसेंबर १६१६ रोजी फेनचर्च स्ट्रीटजवळच्या सेंट डायोनिस बॅकचर्च या चर्चमध्ये बंगालच्या बाजूने आणलेल्या एका तरुणाचा बाप्तिस्मा झाला. पीटर हे नाव त्याच्यासाठी राजा पहिल्या जेम्सने निवडले होते.

यावर पहिला आक्षेप असा की ही दप्तरे अपुरी आहेत. ते खरेच आहे. कॅथलिक, ज्यू आणि राजमान्य चर्चबाहेरचे प्रोटेस्टंट त्यांत धडपणे सापडत नाहीत. आणि त्या पीटरचे जन्मापासूनचे नाव वहीत नाही, ही हानी कशानेही भरून येणारी नाही. पण या उणिवा कोणत्या बाजूला झुकतात ते पाहावे. सुटलेल्यांत वेगळ्या धर्माचे आणि दुरून आलेले जास्त होते. म्हणजे वही परक्यांची संख्या फुगवत नाही, कमीच दाखवते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: शेजारच्या गावातून येणे आणि सातासमुद्रापलीकडून येणे एकच कसे? भाषा, धर्म आणि कातडीचा रंग यांचे अंतर मोठे आहे, हे मान्यच करायला हवे. मात्र परकेपणा अंतरावर ठरतो, हे ती पेटी मान्य करत नाही. १६६२ च्या कायद्यानुसार वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात येऊन राहिलेल्या नवख्याला, तो पुढे गरीबनिधीवर भार होईल या नुसत्या शंकेवरून, तक्रार चाळीस दिवसांत झाल्यास परत धाडता येई. अनौरस मूल जिथे जन्मेल तिथल्या पॅरिशवर त्याचा भार पडत असे, म्हणून गरोदर अविवाहित स्त्रियांना हद्दीपार हुसकावले जाई. ही सगळी इंग्रज, ख्रिस्ती, एकच भाषा बोलणारी माणसे होती. प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कुणाला घालवायचे नाही, हा नियम १७९५ मध्ये आला. म्हणजे बाहेरचा कोण हे पोसण्याचा खर्च कुणावर पडतो यावर ठरत होते, आणि कायदा बदलला की त्याची हद्दही सरकत होती.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या घराण्यानुसार लावलेल्या असतात. पॅरिशची वही ठिकाणानुसार. तिच्यात शिरायला पूर्वजांची यादी लागत नसे, तिथे घडलेला एक प्रसंग पुरे होई. १९७८ च्या कायद्यानंतर अशी बहुतेक जुनी दप्तरे अभिलेखागारांत गेली असून ती कुणालाही पाहता येतात. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांनी ती परक्यांची वंशावळ म्हणून बाजूला ठेवू नयेत. या शहराचे हक्कदार कोण, या वादात आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तिथेच आहे, आणि तो इंग्रज धर्मगुरूंनी व कारकुनांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे.