सांदकफूच्या चढावरच्या म्हाताऱ्या गाड्या

दार्जिलिंगहून घूम, सुखिया पोखरी करीत निघाले की भारत-नेपाळ सीमेवरचे मानेभंज्यांग लागते. नेपाळी भाषेत भंज्यांग म्हणजे खिंड. येथूनच सांदकफूचा चढ सुरू होतो. 3,636 मीटर उंचीचे सांदकफू हे पश्चिम बंगालमधले सर्वांत उंच ठिकाण. आकाश स्वच्छ असेल तर तेथून कांचनजंगा आणि एव्हरेस्ट, दोन्ही दिसतात. अंतर सुमारे 31 किलोमीटरच, पण चढ भलताच खडा.

या चढावर आजही काही जुन्या लँड रोव्हर गाड्या धावतात. इंग्रज चहामळेवाल्यांच्या या गाड्या पुढे स्थानिक लोकांच्या हाती आल्या. मूळ इंजिने थकल्यावर अनेक गाड्यांत डिझेल इंजिने बसली. येथे चालक हाच बहुधा मेकॅनिकही असतो, आणि घराचे अंगण हेच गॅरेज.

या गाड्यांचे नेहमीचे दुखणे म्हणजे तेलगळती. इंजिनातला क्रँकशाफ्ट दोन्ही टोकांना बाहेर डोकावतो. तेथून तेल झिरपू नये म्हणून रबराची कडी असते, तिला ऑइल सील म्हणतात. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होते, मग थेंब पडू लागतात.

पुढचे सील बदलणे त्या मानाने सोपे. पंखा, पट्टा आणि पुली काढली की ते हाताशी येते. मागच्या सीलसाठी मात्र अर्धी गाडी उचकटावी लागते. सीट आणि तळाचे पत्रे काढून गिअरबॉक्स गाडीच्या आतूनच वर उचलायचा, मग क्लच, मग फ्लायव्हील. एवढे झाल्यावर हाती लागते ती बांगडीएवढी कडी! नव्या सीलच्या कडेला तेलाचे बोट फिरवून ते सर्व बाजूंनी सारखे ठोकत बसवावे लागते. जरा तिरके बसले की सारी मेहनत वाया. इंजिनाची हवा बाहेर सोडणारी नळी तुंबली असेल, तर आतला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. म्हणून तीही साफ करावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? मागच्या सीलचे तेल क्लच प्लेटवर गेले तर क्लच घसरतो. चढावर इंजिन नुसते घोंघावते, गाडी पुढे सरकत नाही. एका बाजूला दरी आणि गाडीत मुलेबाळे असताना ही वेळ कोणावरही येऊ नये. शिवाय ऐन हंगामात गाडी अंगणात उभी राहिली की घरची कमाईही थांबते. पावसाळ्यात सिंगालिला राष्ट्रीय उद्यान पर्यटकांसाठी बंद असते, तेव्हा अशी मोठी कामे उरकून घेणे सोयीचे.

अलीकडे रस्त्याचा बराच भाग पक्का झाला असून नव्या गाड्याही आल्या आहेत. तरी जुन्या गाडीतून जायचे ठरवलेत, तर गरम कपडे भरपूर घ्या आणि सकाळी लवकर निघा. निघण्यापूर्वी चालक गाडीखाली वाकून पाहू लागला, तर त्याला घाई करू नका.