काळूचं बिल

कुत्रा पाळणं ही पैसेवाल्यांची हौस, असा आपल्याकडे समज आहे. कुत्रा म्हटलं की डोळ्यांसमोर बंगला येतो आणि गेटवर 'कुत्र्यापासून सावध रहा' ही पाटी. आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत कुत्रा आहे तो रिक्षावाल्याकडे, पंक्चरच्या दुकानात, डबे करणाऱ्या मावशींकडे आणि आमच्याकडे. यातला एकही विकत आणलेला नाही. कुणी पावसात दाराशी येऊन बसला, कुणाला मुलांनी शाळेतून येताना उचलून आणलं. पाळायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. भाकरी घातली, नाव ठेवलं आणि तो घरचा झाला.

आमचा काळू 2017 साली असाच आला. मुसलमानाच्या घरी कुत्रा कसा, हे मला मित्रांनीही विचारलं आणि नातेवाइकांनीही. अम्मीशी आमचा तह झालेला आहे. काळू अंगणात राहील, उंबरा ओलांडणार नाही, त्याचं भांडं वेगळं असेल. हा तह काळूने आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त इमानाने पाळला. आणि भाकरीचा शेवटचा तुकडा बाजूला कोण काढून ठेवतं, तर अम्मीच.

मागच्या पावसाळ्यात काळूने खाणं सोडलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं. गोचीड ताप. गोचिडीतून जंतू रक्तात जातात, प्लेटलेट कमी होतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जनावर हातचं जातं. चार दिवस सलाईन लागली. तपासणीचे 400, रक्ताच्या चाचण्यांचे 2,200, सोनोग्राफीचे 1,500, सलाईनचे रोजचे 700 प्रमाणे 2,800, इंजेक्शनांचे 1,350 आणि गोळ्यांचे 450. एकूण 8,700 रुपये. गोळ्या डॉक्सिसायक्लिनच्या, माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतात त्याच. अठ्ठावीस दिवस दिल्या. म्हणजे ज्या औषधाने काळू मुख्यतः बरा झाला, ते त्या बिलात जवळजवळ सगळ्यात स्वस्त होतं.

"कुत्ते कू इत्ते पैसे लगे?" अम्मीने विचारलं. रागाने नाही, खरोखरच्या आश्चर्याने. तिच्या माहेरी म्हशीच्या उपचारालाही कधी एवढे पैसे लागले नव्हते.

यावर डॉक्टर लुटतात असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मी त्या दवाखान्याला आठ वर्षं ओळखतो. काळूला पहिल्यांदा नेलं तेव्हा तपासणीचे 100 रुपये होते. तेव्हा तिथे एक टेबल, एक कपाट आणि एक थर्मामीटर होता. डॉक्टर पोट दाबून बघायचे, एक इंजेक्शन द्यायचे आणि म्हणायचे, "बघू, दोन दिवसांत फरक पडला तर पडला." बरीच जनावरं जायची आणि ती कशाने गेली हे कुणाला कळायचंही नाही. आज तिथे रक्त तपासायचं यंत्र आहे, एक्स-रे आहे, सोनोग्राफी आहे. आजार नेमका सापडतो. त्या यंत्राचा हप्ता, जागेचं भाडं, मदतनिसांचे पगार हे सगळं शेवटी आमच्यासारख्यांच्या बिलातच उतरतं. दुसरीकडून ते येणार कुठून?

माणूस आजारी पडला तर सरकारी दवाखाना आहे, महात्मा फुले योजना आहे, काही नाही तर कंपनीचा विमा आहे. गाय-म्हैस आजारी पडली तर जिल्हा परिषदेचा जनावरांचा दवाखाना आहे, तिचा विमाही सरकारी योजनेतून उतरवता येतो. ते योग्यच आहे, त्यावर शेतकऱ्याचं घर चालतं. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा याच डॉक्टरांनी गोठ्यागोठ्यात जाऊन लसी टोचल्या. पण या दवाखान्यांची रचना मुळात दुभत्या जनावरांसाठी झालेली आहे. कृत्रिम रेतन, लाळ-खुरकूताची लस, अडलेली गाय. कुत्र्याला तिथे कुणी हाकलून देत नाही, पण रक्ताची चाचणी, सोनोग्राफी, चार दिवसांची सलाईन म्हटलं की खाजगी दवाखान्याचाच पत्ता मिळतो.

करातही हाच हिशेब दिसतो. जनावरांच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही, हे चांगलं आहे. पण गुरांच्या खाद्यावर शून्य टक्के आणि कुत्र्याच्या पाकीटबंद खाद्यावर 18 टक्के. सरकारच्या लेखी कुत्रा म्हणजे चैन. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला हे सांगून बघा.

पैशाचा हा प्रश्न कसा चावतो ते मी पंक्चरवाल्याच्या पिल्लावरून पाहिलं. पाच महिन्यांचं पिल्लू होतं. लसीचा पहिला डोस दिलेला, पुढचे राहिले होते. पार्व्हो झाला. या आजारात उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात. विषाणूला मारणारं औषध आपल्याकडच्या दवाखान्यात नसतं. सलाईन आणि उलटी थांबवणारी इंजेक्शनं देत शरीराला तगवायचं, एवढंच हातात असतं. पाच-सहा दिवस दाखल ठेवावं लागेल, अंदाजे बारा हजार होतील, असं त्याला सांगितलं गेलं. ज्याची दिवसाची कमाई पाचशे-सहाशे, तो काय करणार? "घरी विचारून येतो" असं म्हणून तो पिल्लाला घेऊन निघाला तो परत गेलाच नाही. दोन दिवसांनी पिल्लू गेलं.

मी विचारलं तेव्हा म्हणाला, "नशीब त्याचं, सर." पुढे काही बोलला नाही. कित्येक दिवस त्या दवाखान्यावरून जायचं टाळून तो लांबच्या रस्त्याने दुकानात यायचा. पिल्लू गेल्याच्या दुःखापेक्षा त्याला लाज जास्त खात होती. पैसे नाहीत हे डॉक्टरांसमोर बोलता आलं नाही याची लाज. आणि त्याच्याशी याहून कमी खर्चाचं काही बोलावं, हे समोरच्यालाही सुचलं नव्हतं. रोज येऊन सलाईन लावून न्यायची, काही औषधं घरी कशी द्यायची ते शिकून घ्यायचं. दाखल ठेवण्याइतकं ते चांगलं नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. पिल्लू वाचलं असतं असं मी म्हणत नाही. त्याला प्रयत्न तरी करता आला असता.

खर्चाच्या धास्तीने दुसरंही एक घडतं. लोक डॉक्टरकडे न जाता सरळ मेडिकलमधून आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन आणतात आणि कुत्र्याला देतात. या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात. वाचवलेल्या चारशे रुपयांत जनावर जातं.

दर वाढण्याची गोष्ट आपल्यापुरतीच नाही. ब्रिटनमध्ये तर सरकारच्या स्पर्धा नियामकालाच त्यात लक्ष घालावं लागलं. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याने तात्पुरते निष्कर्ष मांडले. 2016 ते 2023 या काळात तिथले पशुवैद्यकांचे दर सरासरी 63 टक्के वाढले होते. 2013 मध्ये सुमारे 10 टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात होते, ते प्रमाण सुमारे 60 टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे अजून बहुतेक दवाखाने एकेका डॉक्टरचे आहेत, तेव्हा ते कारण आपल्याला जसंच्या तसं लागू नाही. पण नियामकाने सुचवलेला एक उपाय घेण्यासारखा आहे. दवाखान्यांनी आपले दर आधीच उघड जाहीर करावेत.

आपल्याकडेही हे अवघड नाही. तपासणी, लस, सलाईन, नसबंदी यांचे दर भिंतीवर लिहिले तर आत जाण्याआधीच माणसाला आपला खिसा कळतो. आणि आपणही पहिल्याच मिनिटाला विचारायला शिकलं पाहिजे. "डॉक्टर, माझ्याकडे एवढे पैसे आहेत, यात सगळ्यात गरजेचं काय?" चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. साताऱ्याच्या लोकांनी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही ध्यानात ठेवावं. असं महाविद्यालय मुंबईत, नागपूरला, परभणीला, उदगीरलाही आहे. तिथे शिकवण्यासाठी दवाखाना चालतोच.

सरकारकडे मागायचं तर एवढंच मागेन. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस कुत्र्या-मांजरांसाठी ठेवा आणि लसी नाममात्र दरात द्या. यात कुत्रेवाल्यांचे लाड नाहीत. ज्याला उपचार परवडत नाहीत तो माणूस एक दिवस कुत्रं गावाबाहेर सोडून येतो. ते कुत्रं मग लस नसलेलं, भुकेलं, आजारी असं कुणाच्या तरी पोराच्या वाटेत उभं राहतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य. कुत्र्याला वर्षातून एकदा टोचलेली लस त्यापुढे किती स्वस्त आहे, याचा हिशेब मांडायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही.

पंक्चरवाल्याच्या पोरांनी गेल्या महिन्यात पुन्हा एक पिल्लू आणलंय. या वेळी गल्लीतल्या आम्ही चार घरांनी मिळून एक डबा केला आहे. दर महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये. पहिल्या महिन्याचे चारशे आणि वरचे थोडे घालून त्या पिल्लाचा पहिला डोस झाला. पुढच्या डोसची तारीख दुकानाच्या शटरवर खडूने लिहिली आहे, म्हणजे येता-जाता सगळ्यांना दिसेल.