मेनूत नसलेली पेज

साधी खाणावळ आणि पंचतारांकित हॉटेल यांत नेमका फरक कोणता, असे कोणी विचारले, तर आपण बहुधा संगमरवर, गालिचे, झुंबरे आणि पोहण्याचा तलाव यांची नावे घेऊ. शासनाची तपासणीही बरीचशी याच वाटेने जाते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची एक समिती हॉटेलांना तारे बहाल करते. त्यासाठी हॉटेलने स्वतःहून अर्ज करावयाचा असतो आणि मिळालेला दर्जा पाच वर्षे टिकतो. खोलीचे क्षेत्रफळ, स्नानगृहातील सोयी, स्वयंपाकघराची स्वच्छता, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हे सारे यादी हाती घेऊन पाहिले जाते. परंतु यादीत जे मावत नाही त्याचे काय? गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातील आलिशान हॉटेलात दोन दिवस राहण्याचा योग आला आणि या प्रश्नाने माझी पाठ धरली.

योग माझ्या पुण्याईचा नव्हता. आखातात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने आईच्या सत्तरीनिमित्त तो जुळवून आणला होता. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लहानपणी तिने मला कडेवर वागविले. परंतु माझ्या गुरुदीक्षेपासून ती मला 'फादर' अशीच हाक मारते. भाच्याला ऐन वेळी रजा मिळाली नाही. "मामा, पैसे भरून झाले आहेत, आता तुम्हीच आईला घेऊन जा," असा त्याचा निरोप आला. दिवसाला साडेसात हजारांहून अधिक भाडे असलेल्या खोलीवर शासन १८ टक्के जीएसटी घेते. तोही त्या बिचाऱ्याने भरला होता.

आमचे स्वागत थाटात झाले. कपाळी कुंकुमतिलक, गळ्यात माळ, हाती थंडगार सरबत. खोली दोन वाजता मिळावयाची होती; प्रत्यक्षात चार वाजले. दर अर्ध्या तासाने एक नवी व्यक्ती येई, हसतमुखाने दिलगिरी व्यक्त करी आणि आमचे नाव नव्याने विचारी. गुडघेदुखीने हैराण झालेली ताई ज्या कोचावर बसली होती तो इतका खोल होता की, तिला उठविण्यास दोघांची गरज पडे. खोलीत गेल्यावर तिने मोरीत बसण्यासाठी स्टूल मागितले. मी फोन केला. एकाने मागणी लिहून घेतली, दुसऱ्याने ती मिळाल्याचे कळविले, तिसऱ्याने मागणी पूर्ण झाली का म्हणून विचारले. स्टूल मात्र आले नाही. कोणीही उद्धटपणे बोलले नाही, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. जो तो अत्यंत नम्र होता. त्या नम्रतेवर रागावताही येत नव्हते, आणि म्हणूनच जीव अधिक गुदमरत होता.

रात्री जेवणाच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेले आढळले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच असे शुल्क आपोआप लावण्यास मनाई केली आहे. ते देणे न देणे हे ग्राहकाच्या इच्छेवर आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या मार्गदर्शक सूचना उचलून धरल्या. मी हे सौम्यपणे सांगताच ती रक्कम निमूटपणे वगळण्यात आली. ताईने वाढणाऱ्या मुलाला विचारले, "बाळा, हे सेवेचे पैसे तुला मिळतात का रे?" मुलगा हसला आणि त्याने दूर उभ्या असलेल्या मॅनेजरकडे पाहिले. मिळालेले उत्तर एवढेच.

खरी परीक्षा पुढे होती. ते भारी जेवण ताईला सोसले नाही. रात्री एकच्या सुमारास पोटात ढवळू लागले, दोन उलट्या झाल्या. तिने औषध घेतले आणि म्हणाली, "फादर, वाटीभर पेज मिळाली तर पोट शांत होईल." मी फोन उचलला. पलीकडच्या मुलीशी झालेले बोलणे मराठीत सांगावयाचे तर असे :

"पेज आमच्या मेनूत नाही, सर."

"मेनूत नसू द्या. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात शिजवायचे आणि चिमूटभर मीठ घालायचे."

"सर, कॉम्प्युटरमध्ये तो पदार्थ नाही. बिल करता येणार नाही."

मेनूत रिसोटो नावाचा इटालियन भाताचा एक प्रकार होता. मी म्हटले, "बिल रिसोटोचे लावा आणि पेज द्या." तिने मला थांबावयास सांगितले. काही वेळ फोनमधून संगीत ऐकू आले. मग ती म्हणाली, "क्षमा करा सर, ते शक्य नाही. मी आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?"

त्याच वेळी स्वच्छ टॉवेल घेऊन एक तरुण दाराशी आला. ताईची अवस्था त्याने पाहिली. काय हवे ते त्याने विचारले आणि मी सांगताच त्याचा चेहरा उजळला. तो झारखंडचा होता. त्याच्या घरी भाताच्या पेजेला 'माड' म्हणतात आणि आजाऱ्याला तोच देतात. अर्ध्या तासाने स्टीलच्या वाटीत, वर बशी झाकून, त्याने गरम पेज आणून दिली. कर्मचाऱ्यांच्या खाणावळीत रात्रपाळीचा भात शिजत होता; तेथून ती आणली होती. "साहेब, कोणाला सांगू नका," एवढेच तो म्हणाला. पाहुण्याला कर्मचाऱ्यांचे अन्न देणे नियमात बसत नव्हते. बोलता बोलता कळले की, तो कंत्राटी कामगार आहे, दिवसपाळी असली की एकट्याने पंधरा-सोळा खोल्या आवरतो, आणि त्या रात्री एक जण न आल्यामुळे दोन मजले त्याच्याकडे होते.

निघताना आमच्यापुढे अभिप्रायाचा कागद आला. आपली सेवा कोणी केली? नाव लिहा. एक ते दहा यांपैकी गुण द्या. लेखणी हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो. फोनवरील मुलीला कमी गुण द्यावेत, तर बोल तिच्या माथी येणार. तिने तर तिला शिकविलेले प्रत्येक वाक्य अचूक उच्चारले होते. त्या तरुणाचे कौतुक करावे, तर त्याने मोडलेला नियम उघड होणार. ज्याने चांगुलपणा दाखविला त्याचे नावही घेता येऊ नये, अशी ती व्यवस्था होती. कागद कोरा ठेवून मी परत केला.

सेमिनरीत शिकलेल्या थोड्याफार लॅटिनची अशा वेळी आठवण होते. 'होस्पेस' या लॅटिन शब्दाचे दोन अर्थ आहेत : पाहुणा आणि यजमान. दोघांना एकच शब्द. हॉस्पिटल, होस्टेल आणि हॉटेल हे तिन्ही शब्द त्याच कुळातले. पॅरिसमधील एका पुरातन रुग्णालयाला आजही 'देवाचे हॉटेल' अशा अर्थाचे नाव आहे. थकलेला प्रवासी आणि आजारी माणूस यांची सोय एकेकाळी एकाच छपराखाली होत असे, याची ती खूण आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ५३व्या प्रकरणात पाहुण्यांचा विचार आहे. येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताचे करावे तसे करावे, हे त्यातील वचन आपण प्रवचनांतून ऐकतो. मात्र त्याच प्रकरणातील व्यवहाराच्या गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. पाहुणे केव्हाही येतात, म्हणून त्यांच्यासाठी स्वयंपाकघर वेगळे असावे. तेथे काम जाणणारे दोन बंधू वर्षभरासाठी नेमावेत. आणि काम वाढले तर त्यांना मदतनीस द्यावेत, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील. गरीब व यात्रेकरू यांची काळजी विशेष घ्यावी; श्रीमंतांचा मान त्यांच्या दराऱ्यामुळे आपोआपच राखला जातो. मानवी स्वभावाची केवढी ही पारख! बेनेडिक्ट यांनी सेवकाच्या तोंडी गोड वाक्ये घातली नाहीत. त्यांनी त्याच्या जोडीला हात दिले.

मला वाटते, आमची निराशा येथेच उगवली. त्या हॉटेलने हसणे शिकविले होते. परंतु माणसे कमी ठेवली होती आणि स्वतःच्या बुद्धीने वाटीभर पेज देण्याची मुभा कोणालाच ठेवली नव्हती. ज्याला निर्णय घेण्याचा अधिकार नाही, त्याच्यापाशी केवळ क्षमायाचना उरते. याउलट २००८च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर हल्ला झाला, तेव्हा तेथील साध्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना लपविले, वाट दाखविली. त्यांपैकी कित्येकांनी प्राणही दिले. त्या रात्री कोणी कोणाची परवानगी विचारली नव्हती. सेवेची बुद्धी आपल्या माणसांत आहे. तिला वाव मिळाला पाहिजे.

घरी परतल्यावर मी हॉटेलच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले. कोणाचेही नाव घेतले नाही. तीन गोष्टी सुचविल्या : रात्रपाळीला माणसे वाढवा, आजारी पाहुण्यासाठी मेनूबाहेरचे साधे अन्न देण्याची मुभा कर्मचाऱ्यांना द्या, स्वागतकक्षात वृद्धांना उठता येईल अशा चार खुर्च्या ठेवा. आठवड्याने उत्तर आले. आमच्या अमूल्य सूचनांबद्दल आभार, आणि पुढील मुक्कामात पंधरा टक्के सवलत. ताईला वाचून दाखविले, तेव्हा ती खळखळून हसली.

हे सारे येथे लिहिण्याचे कारण निराळे आहे. मुंबईत केटरिंग शिकविणारी संस्था १९५४ साली सुरू झाली. तेव्हापासून आजवर वसईतील आणि गोव्यातील आपल्या कितीतरी घरांतील मुलामुलींनी हॉटेलची वाट धरली. टेलिफोनवरील ती मुलगी कदाचित आपल्याच एखाद्या धर्मग्रामातील असेल. दिवसभर अनोळखी माणसांची क्षमा मागण्याचे काम ती करते. त्यांतील बहुतेक चुका तिच्या नसतात. रात्रपाळी आटोपून ती पहाटेच्या लोकलने घरी येते, तेव्हा दार उघडणाऱ्याने पगार, बढती, सुट्टी हे विषय थोडे मागे ठेवावेत. ती जेवली आहे का, हे आधी विचारावे. आणि चुलीवर पेज असेल, तर ती तिच्यापुढे ठेवावी.